अनामत अडवून धरण्याआधी: भाडेकरूने केलेल्या नुकसानाचा हिशोब

एका घरमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूने घर सोडलं. मागे उरलं ते असं: बाहेरच्या खोलीच्या एका भिंतीला अकरा भोकं, बाथरूमच्या दारापाशी फुगून वर आलेलं जमिनीचं लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या), झोपायच्या खोलीत कपाटामागे काळी पडलेली भिंत, संगमरवरी कट्ट्यावर पांढरट डाग आणि एका दाराला मुठीएवढं भगदाड. भाडेकरूच्या मते ही सगळी राहण्याने होणारी झीज आहे. मालकांच्या मते ही तोडफोड आहे. त्यांना पूर्ण अनामत ठेवून घ्यायची आहे आणि वर आणखी पैसेही मागायचे आहेत. ताबा दिला तेव्हाचे फोटो दोन-चारच आहेत.

भाड्याच्या घरांची देखभाल आणि ताब्याची देवघेव हेच माझं काम आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो. आधी एक कडू गोष्ट सांगतो. या पाचही गोष्टींचे पूर्ण पैसे तुम्हाला मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. एक-दोन बाबतीत तर चूक तुमची निघण्याची शक्यता आहे. मालकाचं गणित बिघडतं ते इथेच. आपल्या घराची दशा पाहून तो चिडतो आणि समोर दिसेल ते भाडेकरूच्या नावावर टाकतो. खरं तर प्रत्येक वस्तूपाशी उभं राहून तीन प्रश्न विचारायचे असतात: हे कशामुळे झालं? त्या वस्तूचं किती आयुष्य उरलं होतं? आणि ताबा देताना ती धड होती हे मला दाखवता येईल का? या तिन्हींची उत्तरं हातात असली की आकडा आपोआप निघतो.

कारणापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठ्या चुका तिथेच होतात. तुमच्या यादीतलं बाथरूमपाशी फुगलेलं लॅमिनेट बघा. लॅमिनेटच्या पट्टीचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असतो. सांध्यातून पाणी आत गेलं की तो फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. पाण्याने झालं हे नक्की, पण कुठल्या पाण्याने? असंच एक घर मी पाहिलं होतं. मालकांना खात्री होती की भाडेकरू ओल्या पायांनी बाहेर येतो, लादीपुसणं निथळत ठेवतो. मी गुडघे टेकून भिंतीलगतची लाकडी पट्टी उचकटली. पट्टीच्या मागची बाजू काळी पडलेली, खिळे गंजून तांबडे झालेले, आणि ओल दारापासून लांब जाताना कमी होण्याऐवजी भिंतीच्या कोपऱ्याकडे वाढत गेलेली. घरातले सगळे नळ बंद करून मीटरसमोर उभे राहिलो, तर काटा हळूहळू सरकतच होता. भिंतीतल्या पाइपचा सांधा ठिबकत होता. फरशी मालकांनाच बदलावी लागली. शिवाय भाडेकरूचं वाढीव पाणीबिल कोणी भरायचं हा नवाच प्रश्न पुढे आला.

तेव्हा तुम्हीही आधी मीटर बघा. सगळे नळ बंद करा, आकड्याचा फोटो घ्या, तासाभराने पुन्हा घ्या. संडासाच्या टाकीत खायचा रंग टाकून ठेवा. कोणी फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते आहे. बाथरूमच्या उंबऱ्यालगतचं ग्राउट (फरश्यांच्या सांध्यांतला भराव) उडालं आहे का, दाराच्या चौकटीचा पाय कुजला आहे का, तेही बघा. हे सगळं धड असेल आणि फुगवटा फक्त दारासमोरच्या दोन पट्ट्यांपुरता असेल, तर भाडेकरूच्या हलगर्जीपणाला वाव आहे. पण चौकटीचा पाय कुजलेला दिसला तर तो विषय सोडून द्या. इतकी कूज एक-दोन महिन्यांत होत नाही, आणि "मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?" असा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

कपाटामागची काळी भिंत हा यादीतला सर्वांत भांडकुदळ विषय. बुरशीला ओल लागते, आणि ती ओल तीन वाटांनी येते. वरून किंवा पलीकडून गळती असेल तर डाग एका जागी असतो, त्याला तपकिरी कडा असते आणि वाळून पुन्हा भिजल्याने अशा कडा एकात एक पडलेल्या दिसतात. जमिनीतून ओल चढत असेल तर ती खालून वर येते, प्लास्टर भुसभुशीत होतं आणि पांढरे क्षार फुटतात. तिसरी वाट म्हणजे खोलीतल्याच दमट हवेची वाफ थंड भिंतीवर जमणे. तिथे काळे ठिपके कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीवर आणि कपाटामागे दिसतात, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे. भाडेकरू खिडक्या बंद ठेवून आत कपडे वाळवत असेल तर या तिसऱ्या प्रकारात त्याचा वाटा निघतो. पण खिडकी रंगाने चिकटून उघडतच नसेल, किंवा बाथरूमचा पंखा बंद असेल आणि त्याने ते तुम्हाला कळवलं असेल, तर तो वाटाही गेला.

एक सोपी परीक्षा आहे. वीतभर प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर हवेतला दमटपणा, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर पाणी भिंतीतून येतं आहे. घर रिकामं असताना खोलीकडचं दव कदाचित दिसणार नाही, कारण वाफ करायला आत कोणी राहत नसतं. पण भिंतीकडचं दिसलं तर उत्तर मिळालं. हे होईपर्यंत भिंतीवर रंग मारू नका. रंग मारलात की पुरावा गेला, आणि काही महिन्यांनी तेच काळे ठिपके नव्या भाडेकरूसमोर उभे राहणार.

बाकीच्या तीन गोष्टी त्यामानाने सोप्या. भिंतीला तसबिरीपुरती दोन-चार बारीक भोकं असतील तर ती झीज धरावी. अकरा भोकं, त्यातली काही स्क्रूसाठी प्लास्टिकचे प्लग ठोकून केलेली आणि प्लग उपटताना प्लास्टरचा टवका गेलेला, हे नुकसान आहे. मात्र ते एका भिंतीचं आहे. पुट्टी, प्रायमर आणि एका भिंतीचा रंग इतकंच मागता येईल, अख्ख्या घराचं रंगकाम नाही. (भोकांत टूथपेस्ट भरून ती पांढरी दिसतात असं समजणारे भाडेकरू मला नेहमी भेटतात. बोटाने दाबून बघा.) संगमरवरावरचे पांढरट डाग म्हणजे बहुतेक वेळा आम्लाने खाल्लेला दगड. संगमरवर चुन्याच्या जातीचा, त्यामुळे संडास साफ करायचं आम्ल काय किंवा लिंबाचा रस काय, वरची चकाकी खाऊन टाकतो. हे वापरण्याने होणारी झीज म्हणता येणार नाही, पण त्यासाठी कट्टा बदलण्याचीही गरज नाही. घासून पॉलिश करणाऱ्या कारागिराचं कोटेशन घ्या आणि तेवढेच मागा. दुरुस्तीने भागत असताना नवी वस्तू मागितली की तुमच्या बाकीच्या रास्त मागण्याही संशयास्पद दिसू लागतात. दाराचं भगदाड मात्र सरळ नुकसान आहे. फक्त एक तपासा: दार उघडल्यावर मागे एखाद्या टोकदार वस्तूवर आपटतं का, अडवणारा खुंटा आहे का? खुंटा नसेल तर भाडेकरू त्याच्याकडे बोट दाखवेलच.

आता उरलेल्या आयुष्याचं गणित. हे मालकांच्या गळी उतरत नाही, म्हणून उदाहरणानेच सांगतो. समजा त्या घरातला रंग साधारण पाच वर्षं टिकणारा आहे आणि भाडेकरू आला तेव्हा नुकताच दिला होता. तीन वर्षं गेली. म्हणजे भाडेकरूने तुमची दोन वर्षं खाल्ली, पाच नाही. त्या एका भिंतीला १०० खर्च आला तर त्याच्याकडून ४० मागायचे. पुट्टी भरण्याची मजुरी मात्र पूर्ण मागता येते, कारण भोकं पडलीच नसती तर ते काम निघालंच नसतं. लॅमिनेटचं आयुष्य दहा वर्षं धरलं आणि ते बसवून सात वर्षं झाली असतील, तर चूक शंभर टक्के भाडेकरूची असली तरी खर्चाच्या ३० टक्क्यांपलीकडे तुमचा हक्क पोचत नाही. दार बारा वर्षांचं असेल तर तिथेही तोच न्याय.

"पण मला तर नव्याचेच पैसे मोजावे लागणार ना!" हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. खरं आहे, पण ते पैसे तीन वर्षांनी तुम्ही मोजणारच होतात. जुनी वस्तू मोडली म्हणून नवी कोरी वस्तू फुकटात मिळावी, हे कुठलाही तटस्थ माणूस मान्य करत नाही. जुळणीच्या बाबतीतही तसंच. एक फरशी फुटली आणि त्या रंगाची आता मिळत नाही म्हणून सगळी खोली भाडेकरूच्या पैशाने उकरता येत नाही. म्हणूनच फरश्या बसवताना एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर टाकावी आणि रंगाचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक मालक ते करत नाहीत.

तिसरा प्रश्न पुराव्याचा, आणि तिथे तुमची बाजू लंगडी आहे. ताबा घेताना काढलेल्या पन्नास फोटोंना ताबा देतानाच्या पन्नास फोटोंची जोड नसेल तर ते फक्त आजची अवस्था दाखवतात, बदल दाखवत नाहीत. तुमच्याकडचे दोन-चार फोटो शोधा आणि त्यात चुकून काय आलंय ते बघा. सोफ्याचा फोटो असेल, पण मागे दार दिसत असेल. घर भाड्याने लावण्यासाठी तेव्हा जाहिरात दिली असेल तर तिच्यातले फोटो काढा. रंगाऱ्याची पावती, फरशीचं बिल, मधल्या काळात भाडेकरूने पाठवलेले निरोप, हे सगळं चालतं. "बेडरूमच्या भिंतीला ओल दिसते आहे" असा त्याचा जुना मेसेज सापडला तर तोही बाजूला काढा, तो तुमच्या विरोधात जात असला तरी. तो त्याच्याकडेही आहेच.

पुढच्या वेळी मात्र पंचनाम्यासारखं काम करा. खोलीच्या दारातून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत व्हिडिओ काढा. छत, भिंती, फरशी, मग दारं-खिडक्या उघडून-मिटून. नळ सोडून पाणी निचरतं का ते दाखवा. ओट्याखालचा पाइप, संडासाच्या टाकीचं झाकण काढून आतली बाजू, मीटरचे आकडे, चाव्या किती आणि कुठल्या, तेही. आधीपासून असलेले ओरखडे मुद्दाम जवळून घ्या. मालकांना वाटतं दोष दाखवले तर आपली बाजू पडते. उलट, आधीचे तीन ओरखडे तुम्ही स्वतः नोंदवले असले की चौथा नवा आहे हे लगेच पटतं. यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत भाडेकरूला द्या. सही करायला तो एक-दोन दिवस मागेल तर द्या. राहायला गेल्यावरच काही गोष्टी कळतात.

घर सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एक पाहणी ठेवा. सामान हलायच्या आत, भाडेकरू हजर असताना. जे दिसेल ते लिहून त्याच्या हातात द्या: हे हे दुरुस्त केलंत तर अनामतीतून कापणार नाही. यातून निम्मी भांडणं मिटतात, कारण त्याला स्वस्तात करून घ्यायची संधी मिळते. फक्त वीज आणि पाण्याच्या कामाला त्याचा मित्र नको, तुमच्या माहितीतला कारागीर हवा. आणि शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करू देऊ नका. भाडं वेगळं, अनामत वेगळी. एकदा ते वळतं झालं की नुकसानासाठी हातात काहीच राहत नाही.

भाडेकरू राहत असतानाच नुकसान समोर आलं तर? लेखी कळवा: काय झालं आहे, ते कोणी, कधीपर्यंत आणि कोणाकडून दुरुस्त करायचं. आधी सांगून, वेळ ठरवून पाहायला जा. कितीही राग आला तरी पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं, तो नसताना आत शिरणं यातलं काही करू नका. त्या क्षणापासून विषय फुटलेल्या दाराचा राहत नाही, तुमच्या दांडगाईचा होतो. आणि गळती कळवणाऱ्यावर कधी ओरडू नका. पहिल्या गळतीला बोलणी खाल्लेला भाडेकरू दुसरी गळती सांगत नाही. ती मग खालच्या घराच्या छतातून कळते. माझ्या पाहण्यात मोठी नुकसानं क्वचितच तोडफोडीतून झाली आहेत. बहुतेक वेळा लहान गोष्ट भीतीपोटी लपवली गेली आणि वर्षभर मुरत राहिली.

कायद्याचं काय? जागेप्रमाणे नियम बदलतात आणि मुदती कडक असतात, म्हणून तुमच्या करारातलं आणि तुमच्याकडच्या कायद्यातलं अनामतीचं कलम आजच वाचा. कल्पना यावी म्हणून सांगतो: कॅलिफोर्नियात ताबा मिळाल्यापासून २१ दिवसांत कपातीचा तपशीलवार हिशोब आणि उरलेली रक्कम द्यावी लागते, आणि २०२५ पासून तिथे फोटोही बंधनकारक होत गेले. इंग्लंडमध्ये २००७ पासून घरभाड्याची अनामत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते, आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि वाद झाला तर नुकसान सिद्ध करणं मालकावर असतं. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असं आहे, पण तो लागू होतो राज्याने स्वीकारला तरच. आकडे निराळे असले तरी सगळीकडचा रोख एकच: अनामत ही भाडेकरूचीच रक्कम आहे, तुम्ही ती सांभाळता आहात, आणि त्यातून काढलेल्या प्रत्येक रकमेचं कारण तुम्ही द्यायचं आहे.

अनामतीपेक्षा नुकसान मोठं असेल तर आधी स्वतःशी खरं बोला: या माणसाकडून वसुली होण्यासारखी आहे का? लेखी मागणी, मग मध्यस्थी, मग लहान रकमेच्या दाव्यांची सोय असेल तिथे दावा, हा रस्ता आहे. पण त्यात महिने जातात आणि तोवर घर रिकामं ठेवलं तर बुडालेलं भाडंच नुकसानाहून जास्त होतं. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. अपघाताने झालेलं आणि मुद्दाम केलेलं नुकसान यांत पॉलिसी बरेचदा फरक करते, आणि झीज तर सहसा वगळलेलीच असते. पंखे, गीझर, नळ उपटून नेले असतील किंवा मीटरशी खेळ केला असेल तर मात्र पोलिसांत तक्रार करा. तिथे मध्यस्थीच्या भानगडीत पडू नका. आणि उलट बाजूने, दार चोराने फोडलं असेल तर त्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारू नका.

तर तुम्ही आता करायचं ते असं. या आठवड्यात मीटरची आणि प्लास्टिकची परीक्षा घ्या. भिंत, कट्टा आणि दार यांची दोन-दोन कोटेशनं मिळवा. मग भाडेकरूला एक साधं पत्र लिहा. प्रत्येक वस्तूचा फोटो, वय, दुरुस्तीचा खर्च, त्यातला त्याचा वाटा आणि तो कसा काढला ते एका ओळीत. लॅमिनेट आणि काळी भिंत परीक्षेत तुमच्याकडे वळली तर यादीतून काढा आणि काढल्याचं पत्रात लिहाही. वादात नसलेली रक्कम पत्रासोबतच परत करा, सगळी अडवून बसू नका. उत्तरासाठी तारीख द्या. "बेजबाबदार", "फसवणूक" असले शब्द नकोत. ते पत्र पुढे कोणी तिऱ्हाईत वाचणार आहे असं समजूनच लिहा.

माझा अंदाज विचाराल तर भिंत, पॉलिश आणि दाराचा वाटा तुम्हाला मिळेल. लॅमिनेटचं मीटर ठरवेल. बुरशीवर मी पैज लावणार नाही. आणि सुताराला आज बोलावलं असेल तर त्याला सांगून ठेवा: नवं दार बसव, पण भाडेकरूचं उत्तर येईपर्यंत जुनं भंगारात नेऊ नको.